दोन औंस माती

आमच्या घराच्या मागील दारीं, कांठ फुटलेल्या एका मातीच्या कुंडींत, आमच्या मातोश्रींनीं लावलेली कोरफड होती. घरांत कोणाचा हात भाजला, कोणाच्या केसांस कांहीं लावावयाचें झालें, कीं मातोश्री सुरी घेऊन जात आणि एक पान कापून आणीत. तीस वर्षें हा क्रम चालला. या तीस वर्षांत त्या कोरफडीस कोणीं खत घातल्याचें आम्हांस स्मरत नव्हतें. घेणें तेवढें आम्हीं घेतलें. देण्याचा विचारहि कधीं मनांत आला नाहीं. मातोश्री निवर्तल्या त्या वर्षीं या एकतर्फी व्यवहाराची आम्हांस लाज वाटूं लागली. आम्हीं बाजारांतून रासायनिक खताची पिशवी आणिली, तीवर छापलेलें प्रमाण वाचलें, आणि दर पंधरवड्यास तें खत नेमानें कोरफडीस घालण्यास आरंभ केला.

पहिले चार महिने आमच्या औदार्याचें फळ दिसत होतें. पानें लांब झालीं, फुगलीं, त्यांचा रंग फिकट हिरवा झाला. येणाराजाणारा कौतुक करी. पुढें कुंडीच्या कांठावर मिठासारखी पांढरी खपली धरूं लागली, तिकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. श्रावणांत एके दिवशीं सहज एक पान धरून पाहिलें, तों सारी कोरफड मुळापासून सुटून हातांत आली. बुंधा तपकिरी होऊन कुजला होता. तीस वर्षें उपेक्षेंत जगलेलें झाड आमच्या सहा महिन्यांच्या मायेनें मेलें.

आम्ही महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. एखादें राज्य बुडालें म्हणजे तें कां बुडालें हें विद्यार्थ्यांस सांगण्याची आम्हांस संवय आहे. कुंडीएवढें राज्य आपल्याच हातानें बुडविल्यावर तीच संवय येथेंहि कामास लावावी असें आम्हीं ठरविलें. वनस्पति खाते तरी काय, आणि हें मनुष्यास कळलें कसें, या प्रश्नाचा माग काढीत गेलों असतां जो इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवण्याजोगा वाटला म्हणून हा लेख.

जमिनींत उभें असलेलें झाड आपलें अन्न आपण शोधतें. एका बाजूस खडक लागला तर मुळें दुसरीकडे वळतात. वरची माती निःसत्त्व झाली तर तीं खोल जातात. कुंडींतील झाडास ही मोकळीक नसते. त्याला जें मिळावयाचें तें मालकाच्या हातून, आणि अधिक झालें तरी पळून जाण्यास वाट नाहीं. पण याच बंदिवासामुळें कुंडी ही एक उत्तम प्रयोगशाळा ठरली. झाडाच्या आहाराचा प्रश्न मोजमाप घेऊन प्रथम विचारला गेला तो एका कुंडीपाशींच.

हा प्रश्न विचारणारा गृहस्थ ब्रसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट. त्याच्या काळापर्यंत ॲरिस्टॉटलच्या परंपरेंतील मत सर्वमान्य होतें: माती हीच झाडाचें पोट, तेथें अन्न शिजून तयार होतें आणि झाड तें मुळांनीं ओढून घेतें. हेल्माँटनें एका मोठ्या कुंडींत भट्टीवर वाळविलेली २०० पौंड माती भरली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंज जातीचें रोप लावलें, आणि धूळ आंत जाऊं नये म्हणून कुंडीच्या तोंडावर छिद्रें पाडलेला पत्रा बसविला. पांच वर्षें त्यानें त्या झाडास केवळ पाणी घातलें. पांच वर्षांनंतर झाडाचें वजन १६९ पौंड आणि सुमारें ३ औंस भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली, तेव्हां ती मूळच्या २०० पौंडांत अवघी सुमारें दोन औंस कमी भरली. १६४ पौंडांचें लांकूड, साल व मुळें केवळ पाण्यापासून झालीं, असा त्यानें निष्कर्ष काढिला. हेल्माँट १६४४ सालीं वारला. त्याच्या मुलानें त्याचा ग्रंथ १६४८ सालीं छापिला, त्यांत हा प्रयोग आहे.

निष्कर्ष चुकीचा होता, पण चूक मोठी मौजेची आहे. ‘गॅस’ हा शब्द ज्यानें जगास दिला तो हाच हेल्माँट. ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला तर १ पौंड राख उरते आणि बाकीचे ६१ पौंड अदृश्य वायु होऊन उडून जातात, हें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. लांकूड जळतांना जो वायु बाहेर पडतो, तोच वायु आपल्या अंगणांतील झाड पांच वर्षें खात होतें, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानीं आली नाहीं. दोन्ही दुवे एकाच माणसाच्या हातांत होते. ते जोडावयास दीड शतक लागलें.

आणि त्या दोन औंसांचें काय? त्या काळच्या तराजूंत थोडीबहुत चूक असेल असें समजून हेल्माँटनें तिकडे दुर्लक्ष केलें. वास्तविक खताचा सारा इतिहास म्हणजे या दोन औंसांचा इतिहास होय.

सन १६९९ मध्यें लंडनच्या जॉन वुडवर्डनें हा धागा पुढें नेला. त्यानें पुदिन्याचीं रोपें मातीशिवाय, नुसत्या पाण्यांत वाढविलीं: कांहीं पावसाच्या पाण्यांत, कांहीं थेम्स नदीच्या पाण्यांत, कांहीं बागेंतील माती कालवलेल्या पाण्यांत. पाणी जितकें गढूळ तितकें रोप अधिक वाढलें. केवळ पाण्यानें झाड होतें हें मत येथें डळमळलें. पुढें १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टलीनें पुदिन्याचीच डहाळी कांचपात्रांत ठेवून दाखविलें कीं, मेणबत्तीनें दूषित झालेली हवा वनस्पति पुन्हां शुद्ध करते. १७७९ मध्यें यान इंगेनहाउझनें सिद्ध केलें कीं, हें कार्य हिरवे भागच करतात व तेंहि सूर्यप्रकाशांत. अखेर १८०४ सालीं जिनीव्हाच्या निकोला थेओडोर द सोस्यूरनें आपल्या ग्रंथांत हिशेब पुरा केला. झाडाच्या शरीरांतील कर्ब हवेंतून येतो. पाणीहि त्याच्या घडणींत सामील होतें. आणि मातींतून येतात ते कांहीं क्षार, प्रमाणानें अगदीं थोडे, पण त्यांवांचून झाड नीट वाढत नाहीं. हेल्माँटच्या दोन औंसांस प्रथमच मान मिळाला.

याच सोस्यूरच्या ग्रंथांत आमच्या कोरफडीच्या जातभाईंचें प्रकरणहि उघडतें. तो निरनिराळ्या वनस्पतींचा श्वास मोजीत होता, त्यांत अमेरिकेंतून युरोपांत आलेला फड्या निवडुंगहि होता. इतर पानें रात्रीं कर्बवायु बाहेर टाकीत. निवडुंगाचे तुकडे मात्र रात्रीं उलट हवा आंत ओढून घेत. सोस्यूरनें हें नोंदविलें, पण त्याचा उलगडा त्याच्या काळीं झाला नाहीं.

अशा मांसल वनस्पति, म्हणजे ज्यांचीं पानें वा खोडें पाणी सांठवून जाड होतात त्या, युरोपांतील बागांत एव्हांना पुष्कळ जमल्या होत्या. अमेरिकेंतून निवडुंग व घायपात आले होते. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांतून कोरफडीच्या नाना जाति येत होत्या. इंग्लंडांत रिचर्ड ब्रॅडलीनें १७१६ ते १७२७ च्या दरम्यान केवळ मांसल वनस्पतींवर सचित्र ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. क्यू येथील राजोद्यानानें १७७२ सालीं फ्रान्सिस मॅसन या माळ्यास केप प्रांतीं धाडिलें, आणि त्यानें तेथून या वर्गांतील पुष्कळ नवीन झाडें पाठविलीं. हीं झाडें जहाजांवर महिनोन्महिने पाण्यावांचून तगत. मरत तीं बहुधा मुक्कामीं पोंचल्यावर, कांचघरांत, माळ्याच्या लाडानें. या अनुभवानें शहाणे झालेले माळी त्यांच्या कुंड्यांत शेणखताऐवजीं वाळू, विटांचे तुकडे आणि पाडलेल्या भिंतींचा जुना चुना मिसळूं लागले. कां, हें शास्त्रानें नंतर सांगितलें. हातांस तें आधीं कळलें होतें.

या शास्त्राचा एक दुवा आपल्या देशांत सांपडला, हें वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मद्रास इलाख्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून राहिलेल्या बेंजामिन हाइन या जर्मन गृहस्थानें लंडनच्या लिनियन सोसायटीच्या एका सभासदास लिहिलेलें पत्र १८१५ सालीं त्या संस्थेच्या नियतकालिकांत छापून आलें. विषय होता आपल्याकडे जिला पानफुटी म्हणतात ती वनस्पति. हिचें पान जमिनीवर पडलें तरी त्याच्या कांठांवर नवीं रोपें फुटतात, हें आपल्याकडील मुलांसहि ठाऊक असतें. हाइननें पाहिलें तें वेगळेंच. सकाळीं या पानाची चव चुक्यासारखी आंबट लागते. दिवस चढेल तसा आंबटपणा कमी होत जातो. दुपारीं पान बेचव होतें, आणि संध्याकाळीं किंचित् कडवट. या निरीक्षणास ना तराजू लागला ना कांचपात्र; जीभ पुरली. रोज पाहिलेली वस्तु निराळ्या वेळीं पुन्हां चाखून पाहण्याचें कुतूहल मात्र लागलें, आणि तेंच दुर्मिळ असतें.

सोस्यूरचा निवडुंग आणि हाइनची पानफुटी यांचें कोडें एकच होतें. त्याचा पुरा उलगडा विसाव्या शतकांत झाला, आणि त्या शतकाच्या पांचव्या दशकांत या रीतीस पानफुटीच्याच कुळाचें नांव मिळालें. उलगडा असा. बहुतेक झाडें दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून कर्बवायु घेतात. पण छिद्र उघडलें कीं आंतील पाणीहि वाफ होऊन जातें. जेथें थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो तेथें हा व्यवहार परवडत नाहीं. म्हणून निवडुंग, कोरफड, पानफुटी यांसारख्या वनस्पति दिवसा छिद्रें मिटून घेतात व रात्रीं, हवा थंड असतां, उघडतात. रात्रीं मिळालेला कर्बवायु त्या आम्लाच्या रूपानें पानांत सांठवितात. तोच सकाळचा आंबटपणा. दिवस उजाडला कीं हें आम्ल मोडून त्यांतील कर्बवायु मिटल्या दाराआड वापरितात. रात्रीं माल भरावा आणि दिवसा दुकान बंद ठेवून आंत काम करावें, अशी ही रीत आहे. तीमुळें पाणी वांचतें. पण कोठी लहान असल्यामुळें एका रात्रींत मावेल तेवढेंच धन जमतें, आणि वाढ सावकाश होते.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या झाडाची वाढच सावकाश, त्यास मातींतील क्षारहि सावकाशच लागणार. शिवाय हीं झाडें मूळचीं खडकाळ, हलक्या जमिनींतलीं. त्यांच्या पूर्वजांस भरलें ताट ठाऊकच नाहीं. हेल्माँटच्या झाडानें पांच वर्षांत दोन औंस घेतले असें धरलें, तर आमच्या कोरफडीचा वांटा किती असेल याचा हिशेब आम्हीं खताची पिशवी फोडण्यापूर्वीं करावयास हवा होता. पण पिशवीवरील प्रमाण भाजी आणि फुलझाडें यांच्या भुकेचें होतें, आणि पिशवीवर छापलेलें तें सर्वांस लागू, अशी आमची समजूत होती.

ती पिशवी तरी आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बहुतेक विद्वानांचें मत होतें कीं, कुजलेला पालापाचोळा हाच वनस्पतीचा खरा आहार. १८२८ च्या सुमारास कार्ल स्प्रेंगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें आणि १८४० सालीं त्याहून प्रसिद्ध अशा युस्टुस लीबिगनें हें मत खोडून काढिलें. कुजलेल्या पदार्थांतील क्षारच झाडाच्या उपयोगीं पडतात, आणि आवश्यक क्षारांपैकीं जो सर्वांत कमी असेल तोच वाढीची मर्यादा ठरवितो, हा त्यांचा सिद्धान्त. नत्र कमी असेल तर स्फुरद कितीहि ओता, उपयोग शून्य. या सिद्धान्ताची दुसरी बाजू मात्र त्या उत्साहाच्या काळांत कोणास फारशी दिसली नाहीं: जेथें वाढीस प्रकाश वा पाणी कमी पडत आहे, किंवा झाडाचा स्वभावच मंद आहे, तेथें नत्राचें ओझें घालूनहि उपयोग शून्यच, किंबहुना अपाय.

लीबिगसारख्या पंडितासहि या मार्गावर ठेंच लागली. १८४५ सालीं त्याच्या नांवाचें खत इंग्लंडांत विक्रीस आलें. पावसानें क्षार वाहून जातील या भीतीनें त्यानें ते वितळवून असे घट्ट करविले होते कीं, ते पाण्यांत विरघळेनातच. शेतकऱ्यांनीं पैसे खर्चून शेतांत जणूं कांच पेरली. मातीस क्षार धरून ठेवण्याची अंगची शक्ति असते हें १८५० च्या सुमारास इंग्लंडांतील प्रयोगांनीं दाखविलें, आणि पुढें लीबिगनेंहि आपली चूक उघडपणें कबूल केली. कुंडीवाल्यांनीं मात्र यांतून उलटा धडा घ्यावयाचा आहे. शेतांतील माती अफाट, ती क्षार धरूनहि ठेवते व पसरूनहि टाकते. कुंडींत ओंजळभर माती. घातलेला क्षार झाडानें घेतला नाहीं, पाण्याबरोबर खालून गेला नाहीं, तर तेथेंच सांचतो. सांचलेला क्षार मुळांतील पाणी उलट बाहेर ओढतो. लोणच्याच्या फोडीस मीठ लावल्यावर जें होतें तेंच ओल्या कुंडींतील मुळांचें होतें. आमच्या कुंडीच्या कांठावरची पांढरी खपली आम्हांस हेंच सांगत होती.

लीबिगच्या सिद्धान्ताची खरी कसोटी पुन्हां एका भांड्यांतच लागली. १८६० च्या सुमारास जर्मनींत यूलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनीं मातीचा कणहि न वापरतां, मोजके क्षार विरघळविलेल्या पाण्यांत रोपें बीजापासून बीजापर्यंत वाढवून दाखविलीं. चुना, पालाश, मॅग्नेशियम, नत्र, स्फुरद, गंधक आणि लोहाचा अंश, एवढी ही शिदोरी. आज दुकानांत जें विरघळणारें खत मिळतें, ज्यावर नत्र, स्फुरद व पालाश यांचे तीन आंकडे छापलेले असतात, त्याचा वंश या भांड्यांपर्यंत पोंचतो. त्या द्रावणांत क्षारांचें प्रमाण अत्यंत विरळ होतें, हें सांगावयास नकोच.

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें जॉन लॉज व जोसेफ गिल्बर्ट यांनीं १८५६ सालीं एका गवताच्या कुरणाचे भाग पाडून कांहींस निरनिराळीं खतें देण्यास व कांहींस कांहींच न देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्याप चालू आहे. भरपूर नत्र मिळालेल्या भागांत गवत उंच व दाट झालें, पण त्यांतील वनस्पतींच्या जाति भराभर घटल्या; कांहीं भागांत तर दोनतीनच उरल्या. सर्वांत अधिक जाति आजहि टिकून आहेत त्या ज्यास कधींच खत मिळालें नाहीं त्या भागांत. अन्न वाढविलें म्हणजे सर्वांचेंच कल्याण होतें असें नाहीं; अधाशी वाढतात, आणि थोडक्यांत भागविणारे त्यांच्या सावलींत नाहींसे होतात. कुंडींतील कोरफडीवर सावली धरणारा दुसरा कोणी नव्हता. आम्हीं तिला तिच्याच फुगलेल्या पानांखालीं दडपलें.

या दोन औंसांसाठीं मनुष्यानें पुढें जें केलें तें इतिहासाच्या शिक्षकास सांगतांनाहि संकोच वाटावा असें आहे. १८०२ सालीं हुंबोल्ट या प्रवाशानें पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा, ‘ग्वानो’, पाहिली. तेथील लोक ती पिढ्यान्पिढ्या शेतांस घालीत. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या चिंचा बेटांवर तिचे उंच थर सांचले होते. १८४० नंतर हा माल जहाजें भरभरून युरोपास जाऊं लागला. तो खणण्यासाठीं हजारों चिनी मजूर कराराच्या नांवाखालीं आणिले गेले, आणि त्या झोंबणाऱ्या धुळींत, अतोनात कष्टांनीं, त्यांपैकीं पुष्कळ मेले. याच बेटांवर १८६४ सालीं स्पेननें आरमार आणून कबजा केला. ग्वानो सरत आला तेव्हां वाळवंटांतील सोऱ्याचें महत्त्व वाढलें, आणि त्या वाळवंटासाठीं १८७९ सालीं चिली देश पेरू व बोलिव्हिया यांशीं लढला.

सोराहि पुरणार नाहीं या चिंतेंतून १९०९ सालीं फ्रिट्झ हाबरनें हवेंतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखविला, आणि कार्ल बॉशच्या कौशल्यानें १९१३ सालीं जर्मनींत ओपाउ येथें त्याचा कारखाना चालू झाला. हवेंतून भाकर निघाली असें म्हणावें, तों दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि तीच विद्या दारूगोळा बनविण्यास जुंपली गेली. शांततेनंतरहि ओपाउनें एकदां आपला स्वभाव दाखविला. २१ सप्टेंबर १९२१ रोजीं तेथील खताच्या कोठाराचा स्फोट होऊन पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. या विद्येनें कोट्यवधि लोकांच्या मुखीं अन्न घातलें, हें नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाहीं; तिच्याविना आजचें जग जेवूं शकणार नाहीं. परंतु जी वस्तु इतक्या मोलानें मिळाली, ती ज्याला नको त्या झाडाच्या मुळाशीं, केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठीं, ओतणें हा दुहेरी अपराध आहे.

तर मग मांसल झाडास खत घालूंच नये काय? तसेंहि नाहीं. कुंडींतील माती वर्षानुवर्षें तीच राहिली तर ते दोन औंसहि संपतात. झाड मरत नाहीं, पण खुरटतें. वरील इतिहासावरून जें तात्पर्य निघतें तें असें. झाड वाढीस लागलें असेल तेव्हांच खत द्यावें. निजलेल्यास जेवूं घालूं नये. विरघळणारें खत पिशवीवरील प्रमाणाच्या अर्धें, किंबहुना चौथाईच घ्यावें, आणि त्यांत नत्राचा आंकडा मोठा नसावा. नत्रानें पान फुगतें, मऊ पडतें व लवकर कुजतें. आधीं साध्या पाण्यानें माती भिजवून मगच तें घालावें. वाढीच्या हंगामांत असें एकदां दोनदां झालें तरी पुष्कळ. मधून मधून नुसतें पाणी सढळ ओतून तें तळाच्या छिद्रांतून वाहूं द्यावें, म्हणजे सांचलेला क्षार धुऊन जाईल. नुकतें लावलेलें किंवा मुळें दुखावलेलें झाड असेल तर कांहींच देऊं नये. आणि दोनतीन वर्षांनीं माती बदलावी. नवी माती हेंच या झाडांचें पुरेसें जेवण.

लेख येथें संपला असता, पण एक गोष्ट सांगावयाची राहिली. कोरफड मेल्यावर तिची कुंडी आम्हीं रिकामी केली, तेव्हां मातींतून विटांचे बारीक तुकडे आणि चुन्याचे खडे निघाले. आमच्या जुन्या घराची मागची भिंत पाडली होती, तिचाच तो चुना. आम्ही विचारांत पडलों, आणि शेजारच्या काकूंस विचारिलें. त्या हंसल्या. दर दोन वर्षांनीं, पावसाळ्यापूर्वीं, आम्ही महाविद्यालयांत असतां, मातोश्री ती कोरफड उपटीत, पिल्लें सोडवून शेजारीपाजारीं वांटीत, आणि वाळू, विटांचा चुरा व मूठभर जुनें शेणखत घालून ती पुन्हां लावीत. काकूंच्या गच्चीवरील कोरफड ही त्यांतलीच.

ज्या गोष्टीची नोंद नाहीं ती घडलीच नाहीं, असें मानणाऱ्या इतिहासकारास आम्ही वर्गांत नेहमीं दोष देतों. तीस वर्षें आमच्या मागील दारीं घडत असलेली गोष्ट आम्हांस दिसली नव्हती, आणि तिला आम्ही उपेक्षा म्हणत होतों.

काकूंनीं एक पिल्लूं आम्हांस परत दिलें. देतांना म्हणाल्या, “सर, हिचे फार लाड करूं नका हं.” आम्हीं ती त्याच फुटक्या कांठाच्या कुंडींत लावली आहे. जुन्या भिंतीचा चुना आतां राहिला नाहीं. म्हणून नदीची वाळू व विटांचा चुरा घेतला, आणि शेणखत मूठभरच. अर्धी उरलेली ती खताची पिशवी आम्हीं काकूंच्या वांग्यांसाठीं देऊन टाकिली.